वाणात दिलेली गाडी

अधिक महिना आला की अजूनही माझं डोकं फिरतं. तीन वर्षांतून एकदाच येतो, एवढंच काय ते बरं. घरोघरी जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतात, पुरणाचे धोंडे उकडतात, तेहतीस अनारसे मोजून ताटात रचतात, त्यावर कापड झाकतात आणि ते वाण जावयापुढं ठेवतात. जावई म्हणजे त्या महिन्यापुरता साक्षात नारायण. नारायणाला काय द्यावं आणि काय देऊ नये, याची काही यादी आमच्याकडं नाही. असती तर माझं बरंच भलं झालं असतं.

सिरसाळ्याला आमचं भुसार मालाचं दुकान. आप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी अंघोळ करून कपाळावर भस्माचे पट्टे ओढायचे आणि एकदा गादीवर बसले की दिवेलागणीपर्यंत उठायचे नाहीत. अंबाजोगाईला बी. ए. करून मी परत आलो तेव्हा मनात होतं, दोन-चार महिने दुकानात बसू, मग आपलं काहीतरी बघू. त्या दोन-चार महिन्यांची चार वर्षं झाली. पोत्यातून ज्वारीचा नमुना मी काढायचा आणि भाव आप्पांनी सांगायचा. चुकून माझ्या तोंडून आकडा गेलाच, तर शेतकरी माझ्याकडं न बघता आप्पांकडं बघायचा. तेव्हा देशात सगळं खुलं होत होतं म्हणे. गावात एसटीडीचा पिवळा बूथ आला, टीव्हीवर नव्या नव्या मोटारींच्या जाहिराती यायला लागल्या. खुला व्हायचा राहिलो होतो तो मीच.

दुकानामागच्या आवारात एक जुनी गाडी उभी होती. मिलिट्रीच्या लिलावातून निघालेली, एक टन माल नेणारी लहान ट्रक. कालव्याच्या कामावरचा एक ठेकेदार गाव सोडताना ती तिथं लावून गेला. "लागली तर वापरा, न्हाई तर भंगारात घाला," असं आप्पांना म्हणाला आणि कागदांवर सह्या करून गेला. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी ती गाडी होती, सगळे तिला 'फोरव्हील' म्हणायचे. दोन पावसाळे ती जागची हलली नाही. बॉनेटखाली मांजर व्यायली आणि हौद्यात आईनं सरपण रचलं.

ती चालू करावी हे माझ्या डोक्यात आलं ते दुधामुळं. धारूरकडच्या डोंगरात तांडे आहेत. पावसाळ्यात तिथं म्हशी दुधाला भरपूर असतात आणि नेमकं तेव्हाच दूध खाली उतरत नाही. वाट म्हणजे काळी चिकट माती, त्यात खडा चढ. ट्रॅक्टरसुद्धा मधेच मान टाकायचा. एका तांड्याचा नाईक, म्हणजे तिथला म्होरक्या, बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात पेंड घ्यायला यायचा. एकदा तो तेच रडगाणं गात होता आणि मी बोलून गेलो, "मी आणतो की गाडी वर."

"हेलिकाप्टर आण," म्हणाला तो, आणि पेंड उचलून गेला.

मला ते लागलं. लागायला फार काही लागत नाही मला. त्याच संध्याकाळी मी आप्पांना विचारलं. त्यांनी गादीवरून न उठता सांगितलं, "खटपट करायची तर कर. पण दुकान संबाळून." गाडीची कागदपत्रं आप्पांच्या नावावर करून घेतली. आमच्या घरात घर, दुकान, शेत, रेडिओचं लायसन, सगळं आप्पांच्याच नावावर असायचं. माझ्या नावावर काही करा असं म्हणणं म्हणजे बाप मरायची वाट बघणं, असा अर्थ काढला जायचा. म्हणून मी काही म्हणालो नाही. चूक तिथंच झाली, पण ती चूक आहे हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मीच त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

केजचा एक म्हातारा मिस्त्री आठवड्यातून एक दिवस यायचा. तरुणपणी मिलिट्रीच्या वर्कशॉपात होता. बाकीचे दिवस तो सांगून जाईल तसं मी करायचो. पहिल्या दिवशीच त्यानं बजावलं, "खोलायला कोण बी खोलतं बे. बंद करताना एक नट बी उरला न्हाई पायजे." मी सगळं खोललं. प्रत्येक नटबोल्ट रॉकेलमध्ये धुतला, चहाच्या रिकाम्या डब्यांत भरला आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दुकानातली धान्याच्या नमुन्यांची डबडीसुद्धा त्यात गेली. आप्पा ओरडले, पण परत मागितली नाहीत.

जुनं पेट्रोल इंजिन गेलेलंच होतं. पलटी झालेल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन मिळालं, पण ते जुन्या गिअरबॉक्सला जुळेना. दोघांच्या मधे बसवायची लोखंडी प्लेट अंबाजोगाईच्या लेथवर तीनदा करून आणली. पहिल्या दोन केसभर चुकल्या आणि गिअर पडेचना. तिसरी बसली. धान्य तोलायच्या मोठ्या काट्याची तिपाई होती आमच्याकडं, तिला चेनकप्पी बांधून इंजिन उचललं. त्या दिवशी आप्पा स्वतः गादीवरून उठून आले. धोतर खोचलं आणि साखळी हातात धरली. "तुला तोल कळत न्हाई, सरक," म्हणाले. क्विंटलक्विंटलची पोती जन्मभर तोललेला माणूस तो. इंजिन असं अलगद उतरवलं, की मिस्त्रीनं सलाम केला.

पुढच्या चाकांचं काम मात्र मी एकट्यानं केलं. ते सगळ्यात किचकट होतं, म्हणूनच मला ते कुणाला लावू द्यायचं नव्हतं. पुढच्या ॲक्सलचा गोळा खोलला, झिजलेले दाते बदलले आणि मोठ्या ऐटीत बंद केला. गाडी चालू करून पुढचा लिव्हर ओढला, तर मागची चाकं पुढं जायला बघतात आणि पुढची मागं. गाडी जागच्या जागी स्वतःशीच भांडायला लागली. मी मोठं दातेरी चक्र डावीकडचं उजवीकडं बसवलं होतं. मिस्त्री इतका हसला की तोंडातला तंबाखू बाहेर आला. पुन्हा खोलून पुन्हा बसवायला मला तीन आठवडे लागले.

परतीच्या पावसात तिला पहिल्यांदा रानात घातली. केबिनला दारं नव्हती, बसायला खोकं होतं. गावाबाहेरच्या एका काळ्या रानात कुणाचा तरी ट्रॅक्टर पोटापर्यंत रुतला होता. बघायला निम्मं गाव जमलेलं. मी पुढच्या चाकांचा आणि जादा जोराचा, असे दोन्ही लिव्हर ओढले, हळूच क्लच सोडला आणि गाडी त्या चिखलातून चालत गेली. खरंच चालत गेली, एकेक पाऊल टाकत. ट्रॅक्टरला साखळी बांधली आणि ओढून बाहेर काढला. आप्पा बांधावर छत्री धरून उभे होते. लोकांपुढं कधी मोकळं न हसणारा माणूस त्या दिवशी खदखदून हसला. माझ्या चिखलानं भरलेल्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गाडी तुझी. दूध बी तुझं. आता दुकानात लुडबूड करू नगंस."

हे त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं. मी ते शब्द कुठंही वाढवलेले नाहीत.

त्याच आठवड्यात मी तांड्यावर गाडी नेली. नाईक गाडीभोवती फिरला, वाकून खाली बघितलं आणि मग बायकांना नारळ आणायला सांगितला. ठरलं ते असं, की हिवाळा-उन्हाळ्यात गाडी पुरी करायची आणि पुढच्या पावसाळ्यापासून रोज सकाळी दूध खाली आणायचं. त्याच्या भरवशावर त्यानं आणखी म्हशी आणल्या. ते मला नंतर कळलं.

पुढच्या वर्षी आषाढ अधिक आला. उन्हाळ्यात आप्पांना एकाएकी गाडीची घाई सुटली. "धोंड्याच्या आत पुरी कर," असं रोज बजावायला लागले. मला वाटलं, दुधाची चिंता लागलीय. केबिनला दारं बसवली, टप बसवला. बसायला मी साधा बाक करणार होतो, आप्पा म्हणाले चांगली गादी कर, फोमची. मला मिलिट्रीचा हिरवा रंग ठेवायचा होता. आप्पा म्हणाले पांढरा दे. दूध आणि पांढरा, मला ते पटलंसुद्धा! पेंटर मागच्या फळीवर काय लिहू असं विचारायला लागला तेव्हा आप्पा घाईनं म्हणाले, "ती फळी मोकळी ठिव. नाव नंतर टाकू." आणि मी येडा, संध्याकाळी वही घेऊन दुधाच्या धंद्याला नाव शोधत बसायचो.

माझी थोरली बहीण केजला दिलेली. दाजींचा मंडपाचा धंदा. खांब, कापड, लाऊडस्पीकर, लग्नाच्या खुर्च्या. धोंड्याच्या जेवणासाठी आक्का-दाजींना आणायचं होतं आणि मुराळी म्हणून मलाच जायचं होतं. बहिणीला माहेरी आणायला भावानं जायचं, हा रिवाजच. मी एसटीनं जाणार होतो. आप्पा म्हणाले, "एसटीनं कशाला? गाडी घिऊन जा. नवी केलीय, मिरव की."

मी मिरवली. येताना तिघंही केबिनमध्ये बसलो, आक्का मधे, दाजी दाराशी. घाट उतरल्यावर रस्ता सोडून मी गाडी एका ओढ्यात घातली, केवळ दाखवायला. कुठला लिव्हर कशाला, चढाला कधी ओढायचा, उताराला कधी सोडायचा, सगळं समजावून सांगितलं. दाजींनी एकच विचारलं, "ॲव्हरेज काय देती?" आक्का गप्प होती. एरवी तिची टकळी सुरू झाली की गाव येईपर्यंत थांबत नाही. ओढ्यातून वर आल्यावर एवढंच म्हणाली, "तू लई राबलास रं." मला वाटलं, कौतुक करतेय.

दुसऱ्या दिवशी चार पाहुणे बोलावून जेवण झालं. सकाळपासून गाडीची किल्ली खिळ्यावर नव्हती. मी दोनदा शोधली, मग वाटलं दाजींनी गाडी सावलीत लावली असेल. जेवणानंतर आईनं स्वयंपाकघरातून झाकलेलं ताट माझ्या हातात दिलं. "जा, तूच निऊन ठिव दाजीपुढं." मी नेलं. दोन्ही हातांनी धरून, वाकून, पाटापुढं ठेवलं. आप्पांनी वरचं कापड काढलं. तेहतीस अनारसे, दिवा, सफारीचं कापड, आणि सगळ्यांच्या वर कुंकू लावलेली माझी किल्ली.

ज्याला आश्चर्य वाटतं तो आधी बघतो आणि मग हात लावतो. दाजींनी आधी हात घातला. मी आक्काकडं बघितलं, ती जमिनीकडं बघत होती. आईकडं बघितलं, तर ती हळदीकुंकवाचा करंडा घेऊन गाडीची पूजा करायला निघालीसुद्धा होती. बाहेर बंपरवर नारळ आधीच ठेवलेला. सगळी तयारी कधीचीच झालेली होती. फोमची गादी दाजींसाठी होती. पांढरा रंग दाजींना आवडतो म्हणून होता. मागची फळी त्यांच्या मंडपाच्या नावासाठी मोकळी सोडली होती. शेवटचे दोन महिने मी दुसऱ्याची गाडी करत होतो आणि हे घरात मला एकट्याला माहीत नव्हतं.

मी तिथं काही बोललो नाही. वाण दिलं की दिलं. धोंड्याच्या ताटावर तोंड उघडलं असतं तर आक्काला सासरी त्याचे टोमणे जन्मभर ऐकावे लागले असते, आणि हे आप्पांना पक्कं माहीत होतं. चार पाहुण्यांदेखत द्यायचं कारणच ते. त्या दिवशी मला त्यांचा जो राग आला, तसा पुढं आयुष्यात कुणाचाच आला नाही. ज्यांनी माझं वाईट केलं त्यांचासुद्धा नाही.

दाजी गाडी घेऊन गेले त्या सकाळी मी दुकानात जाऊन गादीसमोर उभा राहिलो.

"आप्पा, गाडी माझी म्हणला व्हता तुमी."

"म्हणलो व्हतो."

"मंग?"

"मंग काय? मंडपाचं सामान बैलगाडीत घालून न्यायलेत ते. बाकीच्यांचे टेम्पो फिरायलेत. घरात रोज त्याचीच कटकट, आन ती पडती तिच्यावर. पोरगी वाळली माझी. तुला दिसली न्हाई का?"

मला दिसली नव्हती, हे खरं आहे. पण तेवढ्यानं मी गप्प बसणार नव्हतो.

"मला सांगायचं की मग. कावून सांगितलं न्हाई?"

आप्पांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं नीट बघितलं. "सांगितलं असतं तर तू ती एवढी चांगली केली असतीस?"

खोटं बोलता आलं असतं. "न्हाई," म्हणालो.

"मंग?" आप्पा म्हणाले, आणि दारात आलेल्या शेतकऱ्याच्या पोत्यात त्यांनी हात घातला.

तांड्यावर मी चालत गेलो. कुणाच्या तरी हाती निरोप पाठवणं मला जमलं नाही. नाईकानं मला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. मी सगळं सांगितलं, आप्पांनी काय केलं, कसं केलं, मी कसा फसलो. माझं संपल्यावर तो म्हणाला, "तुझा शबूद तुझ्या घरात चालत न्हाई, मग आमच्याकडं कशाला आणलास?" त्या पावसाळ्यात त्यांचं दूध वरच राहिलं. नाईक नंतर पेंड दुसऱ्या दुकानातून न्यायला लागला.

दिवाळीत आक्काला आणायला मला पुन्हा केजला जावं लागलं, या वेळी एसटीनं. गाडी दाजींच्या दारात उभी होती, हौद्यात मंडपाचे पाइप. मागच्या फळीवर मंडपाचं नाव, भोवती गुलाबाची फुलं. मी सवयीनं वाकून खाली बघितलं. पुढच्या चाकांकडं जाणारा दांडा नव्हता. ॲक्सलच्या गोळ्यातलं सगळं काढून वर पत्र्याचं झाकण ठोकलेलं. केबिनमध्ये डोकावलो, तर दोन्ही लिव्हर बुडापासून करवतीनं कापलेले.

दाजी खुशीत बाहेर आले. "बगा पाव्हणे, किती हलकी केली. केजात कुठं डोंगर हाय? फुकट वजन वागवायचं कशाला? ॲव्हरेज लई वाढला बगा."

"आतलं सामान कुठं हाय?" मी विचारलं.

"भंगारवाल्यानं नेलं की."

तीन आठवडे मी ते दाते बसवले होते. दाजींनी हे मला दुखवायला केलेलं नव्हतं, आणि त्यामुळंच मला त्यांना काही बोलता येईना. त्यांना ते खरोखर जास्तीचं लोखंड वाटलं होतं.

आक्कानं चहा आणला. ती भरली होती, हसत होती, हातात नव्या बांगड्या होत्या. दाजी तिच्याशी नीट बोलत होते. गाडीनं तिचं घर लावून दिलं होतं, हे मला नाकारता आलं नाही, आणि नाकारता येत नाही याचाही मला राग आला. दाजी आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी गाडीत तुला सांगणार व्हते रं. तू इतक्या हौसेनं सगळं दाखवत व्हतास, माझं तोंडच उघडंना." मी चहा पिऊन कपबशी खाली ठेवली. तिला माफ केलं असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

सिरसाळ्याला पोचलो तर आप्पा दुकानात गिऱ्हाइकांत बसलेले. आक्का घरात गेली. मला त्यांनी हाक मारली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "गाडी कशी हाय रं?"

सगळं ओठांवर आलं होतं. तुमच्या नारायणानं तुमचं वाण कापून भंगारात घातलंय, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. ते ऐकून आप्पा त्या दिवशी जेवले नसते. मला तेवढं हवंही होतं.

"एक नंबर," मी म्हणालो. "दाजीनं लई जपलीय. आता बी डोंगर चढंल."

आप्पांचा चेहरा उजळला. "बगा," ते समोरच्या शेतकऱ्याला म्हणाले, "माज्या पोरानं घरी केलेली हाय. आख्ख्या जिल्ह्यात तशी गाडी न्हाई. कसला बी चढ असू द्या, मागं फिरत न्हाई."

पुढची कितीतरी वर्षं ते हेच सांगत राहिले. नवं गिऱ्हाईक आलं, पावसाचा विषय निघाला, कुणाचा ट्रॅक्टर रुतला, की आप्पा माझी गाडी सांगायला बसायचे. लिव्हर कुठला, जोर कसा येतो, हातवारे करून दाखवायचे. मी शेजारी ज्वारीचा नमुना काढत असायचो. ते माझ्याकडं वळून "व्हय का न्हाई रं?" म्हणायचे, आणि मी "व्हय" म्हणायचो. आप्पा गेले तेही ती गाडी डोंगर चढते याच समजुतीत. मी त्यांना तसं जाऊ दिलं.